बॉक्स वाइन

बॉक्स वाइन म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या, तोटी बसवलेल्या लवचीक पिशवीत भरून विकली जाणारी वाइन होय. या वेष्टनपद्धतीला 'बॅग-इन-बॉक्स' असे म्हणतात. ऑस्ट्रेलियात तिला 'कास्क वाइन' हे नाव रूढ आहे. घरगुती वापराची खोकी साधारणतः १.५ ते ५ लिटरची असतात आणि त्यांत ३ लिटरचे, म्हणजे चार बाटल्यांइतकी वाइन मावणारे खोके सर्वाधिक प्रचलित आहे. उपाहारगृहांसाठी १० व २० लिटरची खोकीही वापरतात. बॉक्स वाइन हा वाइनचा स्वतंत्र प्रकार नव्हे. लाल, पांढरी वा गुलाबी यांपैकी कोणतीही साधी वाइन खोक्यात भरता येते. फसफसणारी वाइन मात्र तिच्या अंतर्गत दाबामुळे भरता येत नाही.

भारतात वाइन मुख्यतः ७५० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत विकली जाते आणि बॉक्स वाइन अपवादानेच आढळते. २०२०-२१ च्या सुमारास सुला आणि फ्रातेल्ली या महाराष्ट्रातील उत्पादकांनी ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये वाइन आणली. काचेपलीकडच्या वेष्टनाची ओळख अनेक ग्राहकांना प्रथम त्यातून झाली. नांदेड व लातूरसारख्या, द्राक्षमळ्यांच्या व वाइनरींच्या मुख्य पट्ट्यापासून दूर असलेल्या आणि कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यांत बॉक्स वाइनचे गुण आणि दोष दोन्ही ठळकपणे दिसतात. त्यामुळे या लेखात तिचा विचार मराठवाड्याच्या संदर्भात विशेषत्वाने केला आहे.

रचना व कार्य

बॉक्स वाइनचे तत्त्व समजण्यासाठी रुग्णालयातील सलाइनच्या पिशवीचे उदाहरण उपयुक्त आहे. सलाइन उतरत जाते तशी पिशवी चपटी होत जाते. उतरलेल्या द्रवाची जागा घेण्यासाठी हवा आत शिरावी लागत नाही. काचेच्या बाटलीचे तसे नसते. बाटलीतून पेलाभर वाइन ओतली की तेवढीच हवा आत जाते आणि त्या हवेतील ऑक्सिजन उरलेल्या वाइनवर लगेच क्रिया करू लागतो. बॉक्समधील पिशवी वाइन काढली जाईल तशी बाहेरील हवेच्या दाबाने आकसते आणि तोटी बंद झाल्यावर आत फारशी हवा राहत नाही.

पिशवी एका थराची नसते. वाइनला स्पर्श करणारा थर पॉलिथिनचा असतो. तो मजबूत व जोडण्यास सोपा असला, तरी त्यातून ऑक्सिजन झिरपतो. म्हणून त्याच्या बाहेर धातूचा अतिसूक्ष्म लेप दिलेला पॉलिएस्टरचा थर किंवा इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकाचा थर असलेले आवरण वापरतात. पहिला थर चकाकतो, दुसरा पारदर्शक असतो. धातूचा लेप वारंवार दुमडल्यास त्याला बारीक चिरा पडतात व तेवढ्यापुरती पिशवी झिरपू लागते. लांबच्या, खड्ड्यांच्या रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी ही बाब गौण नाही. पुठ्ठ्याचे खोके पिशवीला आकार देते, प्रकाश अडवते आणि एकावर एक रचता येते. ऑक्सिजनपासून बचावाचे काम मात्र पिशवी आणि तोटी यांचेच असते. खोके देखणे पण तोटी निकृष्ट, असे असल्यास सारी योजना फसते.

इतिहास

लवचीक पिशवी खोक्यात बसवण्याची कल्पना वाइनसाठी जन्मली नाही. अमेरिकी रसायनतज्ज्ञ विल्यम शॉल यांनी १९५५ मध्ये ती बॅटरीतील आम्लाच्या सुरक्षित वाहतुकीसाठी वापरात आणली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क येथील वाइन उत्पादक टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये वाइनच्या खोक्याचे पेटंट घेतले. त्यांच्या खोक्यात सुमारे साडेचार लिटरची पॉलिथिनची पिशवी होती. तिला तोटी नव्हती: ग्राहकाने पिशवीचा कोपरा कापायचा, वाइन ओतून घ्यायची आणि चिमटा लावून कोपरा बंद करायचा, अशी ती गैरसोयीची रीत होती. १९६७ मध्ये चार्ल्स मालपास आणि पेनफोल्ड्स ही कंपनी यांनी धातूलेपित पिशवीला जोडलेल्या हवाबंद तोटीचे पेटंट घेतले. आजची बॉक्स वाइन खऱ्या अर्थाने या तोटीपासून सुरू होते.

पुढील दोन दशकांत ऑस्ट्रेलियात स्वस्त वाइन घरोघरी पोहोचली ती मुख्यतः खोक्यांतून. 'खोक्यातली म्हणजे हलक्या दर्जाची' ही समजूतही तेव्हाच रुजली, कारण उत्पादक खोक्यांत मुद्दाम स्वस्त वाइनच भरत. नॉर्वे व स्वीडन या देशांत, जेथे मद्यविक्री सरकारी दुकानांतून होते, विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक वाइन आज खोक्यातील आहे. फ्रान्ससारख्या परंपराभिमानी देशातही सुपरमार्केटमध्ये तिचा वाटा मोठा आहे. तेव्हा ही समजूत वस्तुस्थितीपेक्षा सवयीवर अधिक उभी आहे असे म्हणता येते.

गुणवत्ता

वाइनची गुणवत्ता द्राक्षाची जात, मळा, किण्वन आणि वाइनमेकरचे कौशल्य यांवर ठरते. वेष्टन ती वाढवू शकत नाही. फार तर टिकवू शकते. एकच वाइन बाटलीत व खोक्यात भरली तर पहिल्या काही महिन्यांत दोहोंत फरक ओळखणे सामान्य ग्राहकाला अवघड असते. त्यानंतर मात्र बाटली पुढे जाते. खोक्याच्या पिशवीतून आणि तोटीतून ऑक्सिजनचा अल्पसा प्रवेश सतत चालू असतो. त्यामुळे वाइनमधील संरक्षक सल्फर डायऑक्साइड हळूहळू खर्ची पडतो, पांढऱ्या वाइनचा रंग गडद होतो आणि ताज्या फळाचा गंध ओसरतो. शिवाय पॉलिथिनचा थर काही गंधद्रव्ये स्वतःत शोषून घेतो. न उघडलेले खोके म्हणूनच साधारण सहा महिने ते एक वर्ष एवढ्या काळात संपवायचे असते. वर्षानुवर्षे मुरवण्याजोगी वाइन खोक्यात भरणे ही चूक ठरेल. अर्थात जगातील बहुतांश वाइन विकत घेतल्यावर थोड्याच काळात प्यायली जाते. ती मुरवण्यासाठी केलेलीच नसते आणि तिच्या बाबतीत ही मर्यादा फारशी जाचत नाही.

खोके उघडल्यानंतर तुलना उलटते. बूच काढलेली बाटली तीन ते पाच दिवसांत उतरणीला लागते. तिच्यातील अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड आणि जीवाणूंच्या साहाय्याने ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, बनू लागते. उघडलेले खोके थंड जागी ठेवल्यास चार ते सहा आठवडे चांगले राहते. बॉक्स वाइनच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम दावा हाच आहे. ज्या घरात एखादीच व्यक्ती आणि तीही क्वचित वाइन घेते, किंवा ज्या हॉटेलात आठवड्यात वाइनचे चार-दोन पेलेच खपतात, तेथे बाटलीतील उरलेली वाइन बहुधा फेकावी लागते. लातूर वा नांदेडमधील हॉटेलांची स्थिती मुंबई-पुण्याच्या मानाने अशीच असते. वाइन मागणारा ग्राहक मोजका असल्याने मालक बाटली उघडायला कचरतो, उघडली तर आठवडाभर तीच वाढतो आणि वाइन आंबट असते असा ग्राहकाचा ग्रह होतो. मराठीत 'वाइन शॉप' हा शब्द सर्रास कोणत्याही मद्याच्या दुकानासाठी वापरला जातो, पण त्या पाटीखाली प्रत्यक्ष वाइनच्या बाटल्या अनेकदा एका कोपऱ्यातच आणि बऱ्याच काळापासून उभ्या असतात.

वजन व वाहतूक

७५० मिलिलिटरची रिकामी काचेची बाटली साधारणतः ४०० ते ६०० ग्रॅम वजनाची असते. तीन लिटर वाइनसाठी अशा चार बाटल्या, म्हणजे सुमारे दोन किलो काच लागते. तेवढ्याच वाइनची पिशवी आणि खोके मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. बारा बाटल्यांची पेटी १५ किलोच्या जवळपास जाते, तर तेवढीच नऊ लिटर वाइन तीन खोक्यांत सुमारे दहा किलोंत बसते. खोकी चौकोनी असल्याने बाटल्यांमधील पोकळी वाया जात नाही आणि फूटतूटही टळते.

नाशिक परिसरातून लातूर किंवा नांदेडला येणारा माल चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करतो. विंचूर येथील वाइन उद्यानाला जिचे नाव दिले आहे ती गोदावरीच पुढे नांदेड शहरातून वाहते. पण वाइनला मात्र बीड-परभणीकडचा रस्ता धरावा लागतो. एवढ्या अंतरावर वजनातील तिसऱ्या हिश्श्याची घट भाड्यात जाणवते. ती घट ग्राहकापर्यंत किती पोहोचेल हे वितरक आणि कर यांवर अवलंबून असते.

उन्हाळा आणि साठवण

बॉक्स वाइनविषयी परदेशी पुस्तकांत दिलेले टिकाऊपणाचे आकडे थंड हवामान गृहीत धरतात. नांदेड व लातूर येथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखालील गोदामात त्याहून अधिक उष्णता असते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना अंदाजे दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने २० अंशांवर जी वाइन आठ-दहा महिने टिकेल ती ४० अंशांवर दोन-अडीच महिन्यांतच थकेल. तापमान वाढते तसा प्लॅस्टिकच्या थरातून ऑक्सिजनही अधिक वेगाने झिरपतो. काचेतून तो मुळीच झिरपत नाही. उष्णतेने बाटलीतील वाइनही बिघडते, पण खोक्याला दुहेरी फटका बसतो.

परिणामी मराठवाड्यात बॉक्स वाइन उपयोगी ठरण्यास दोन अटी पाळाव्या लागतात. खोके भरल्याची तारीख वेष्टनावर स्पष्ट हवी आणि ग्राहकाने ती पाहून घ्यायला हवी. तारीख नसलेले खोके उन्हाळ्यात घेणे धोक्याचे. दुसरे म्हणजे साठवण थंड हवी. वाइनरीपासून वितरकाच्या गोदामापर्यंत, तेथून दुकानापर्यंत आणि पुढे घरातही. तीन लिटरचे खोके शीतकपाटाच्या खालच्या फळीवर मावते आणि लाल वाइनही या हवामानात तेथेच ठेवणे इष्ट, मग पिण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढावी. ग्रामीण भागात भारनियमनामुळे शीतकपाट तासन्‌तास बंद राहते. तरीही बंद कपाटातील तीन लिटर द्रव लवकर तापत नाही, आणि उघड्या बाटलीपेक्षा खोक्याची स्थिती तेथेही बरी असते.

द्राक्ष, पाणी आणि मराठवाडा

मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख केला असून तेथे वर्षातून दोनदा फळे येतात असे लिहिले आहे. आज लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि शेजारचा धाराशिव जिल्हा द्राक्षांसाठी ओळखला जातो. ही द्राक्षे मुख्यतः खाण्याची आहेत: थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या जाती. वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशा वेगळ्या जाती लागतात. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि आम्ल अधिक असते. एक लिटर वाइनला सुमारे दीड किलोपर्यंत द्राक्षे लागतात, म्हणजे तीन लिटरच्या एका खोक्यामागे चार किलोंच्या आसपास.

स्वस्त बॉक्स वाइनमुळे भाव पडलेल्या द्राक्षांना आपोआप गिऱ्हाईक मिळेल, हा युक्तिवाद या फरकाकडे दुर्लक्ष करतो. खाण्याच्या द्राक्षांचा दर कोसळला की शेतकऱ्यापुढे रूढ पर्याय बेदाण्याचा असतो. त्या द्राक्षांची वाइन करता येत नाही असे नाही, पण ती चवीला सपक होते आणि खोक्याविषयीच्या जुन्या पूर्वग्रहालाच पुष्टी देते. बाग बदलून वाइनची द्राक्षे लावायची तर खरड छाटणी आणि फळ छाटणी या दोन्ही हंगामांचा खर्च अनेक वर्षे सोसून खरेदीदाराची हमी मिळवावी लागते. ती हमी किती नाजूक असते हे नाशिक परिसराने अनुभवले आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी घटली, टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली, काही वाइनरींनी द्राक्षे उचलली नाहीत आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या. पडून राहिलेली वाइन कमी खर्चात आणि मोठ्या मापात विकण्याचे साधन म्हणून खोके अशा वेळी उपयोगी पडू शकते. मागणी निर्माण करण्याचे सामर्थ्य मात्र त्यात नाही.

पाण्याचा प्रश्न याहून जुना आणि गंभीर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपातीचा आदेश दिला. मद्य आणि पाणी यांची सांगड येथे केवळ नैतिक चर्चेपुरती राहत नाही. बॉक्स वाइनची पिशवी निर्जंतुक व बंद अवस्थेतच कारखान्यात येते, त्यामुळे बाटली धुण्याचे वा खंगाळण्याचे पाणी वाचते. परंतु वाइनला लागणाऱ्या एकूण पाण्याचा मोठा वाटा मळ्यातच खर्च होत असल्याने ही बचत मूळ प्रश्नाच्या मानाने किरकोळ आहे.

विक्री व कायदा

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने उभी राहिली. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या, कुलूपबंद कपाटातून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शिक्षणसंस्था व प्रार्थनास्थळे यांच्या लगतची दुकाने त्यातून वगळली होती. शिकवणी वर्गांनी गजबजलेले लातूर आणि तख्त सचखंड श्री हुजूर साहिब असलेले नांदेड या दोन्ही शहरांत या अटीमुळे मध्यवर्ती भागातील बरीच दुकाने बाद ठरली असती. निर्णयाला विरोधी पक्ष व सामाजिक कार्यकर्ते अण्णा हजारे यांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. बॉक्स वाइन जगात जेथे रुजली तेथे ती बहुधा वाणसामानासोबत किंवा नीटनेटक्या सरकारी दुकानांत विकली गेली, हे लक्षात घेता या निर्णयाचा तिच्या भवितव्याशी जवळचा संबंध होता.

वेष्टनावरील मजकुराबाबत अन्न सुरक्षा व मानके (मद्ययुक्त पेये) विनियम, २०१८ हे १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यांनुसार अल्कोहोलचे प्रमाण, सल्फाइट असल्यास त्याचा उल्लेख आणि मद्यपान आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा देणे बंधनकारक आहे. खोके असो वा बाटली, हे नियम दोहोंना सारखेच लागतात.

आरोग्य

तेरा टक्के अल्कोहोलच्या तीन लिटर वाइनमध्ये सुमारे ३०० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १५० मिलिलिटरचे वीस पेले त्यातून निघतात. बाटलीत किती उरली हे काचेतून दिसते, खोक्यात दिसत नाही. तोटी फिरवणे सोपे असते आणि 'बाटली संपली' हा नैसर्गिक थांबाही नसतो. ऑस्ट्रेलियात स्वस्त खोक्यातील वाइन तरुणांच्या अतिमद्यपानाशी जोडली गेली ती यामुळेच. टिकाऊपणाचा गुण येथे दोषात बदलू शकतो. मापाचा पेला वापरणे आणि खोक्यावर उघडल्याची तारीख लिहिणे हे साधे उपाय आहेत. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइन मद्यापेक्षा 'सौम्य' म्हणून आरोग्यदायी आहे हा प्रचार त्यामुळे टिकत नाही.

पर्यावरण

हलक्या वेष्टनामुळे काच वितळवण्याची ऊर्जा आणि वाहतुकीचे इंधन वाचते, म्हणून युरोपात बॉक्स वाइन पर्यावरणस्नेही मानली जाते. भारतात हे विधान जसेच्या तसे लागू होत नाही. येथे रिकामी बाटली भंगारवाल्याकडे जाते, तिला दाम मिळतो आणि ती पुन्हा वापरात किंवा भट्टीत जाते. खोक्याचा पुठ्ठाही रद्दीत विकला जातो. पिशवीला मात्र कोणी विचारत नाही: तिचे थर वेगळे करणे अवघड असते आणि प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ज्या बहुस्तरीय प्लॅस्टिकवर लक्ष केंद्रित केले त्याच वर्गात ती मोडते. रिकाम्या पिशव्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाने उचलली नाही, तर लातूर-नांदेडसारख्या शहरांत त्या कचऱ्याच्या ढिगातच पोहोचतील. दुधाच्या व तेलाच्या पिशव्यांचा अनुभव याच दिशेचा आहे.